लोकसेवा आयोगाची शंभरी आणि टपाल तिकीट: सारखे सारखे येणारे प्रश्न

केंद्रीय लोकसेवा आयोगाचं, म्हणजे आपल्या यूपीएससीचं शताब्दी वर्ष १ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालं आणि तेव्हापासून मला दोन प्रकारच्या लोकांचे मेसेज येतात. एक तिकिटं जमवणारे, ज्यांना आयोगाबद्दल फारसं माहीत नसतं, आणि दुसरे परीक्षेचा अभ्यास करणारे, ज्यांना आयोगाचं सगळं कलमांसकट पाठ असतं पण फर्स्ट डे कव्हर म्हणजे काय ते माहीत नसतं. मी दोन्हीकडे थोडा थोडा आहे. तिकिटं शाळेपासून जमवतो आणि यूपीएससीचे फॉर्म भरून झालेत (पुढचं विचारू नका). तेच ते उत्तर टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आयोगाचा आणि टपाल तिकिटाचा मुळात संबंध काय?

वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. एक गंमत आधी सांगतो. पब्लिक सर्व्हिस कमिशन सुरू झालं १९२६ साली, आणि भारताची टपाल तिकिटं आपल्या नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जायला लागली तीही १९२६ लाच. त्याआधी कित्येक वर्षं तिकिटं लंडनहून, डे ला रू कंपनीकडून छापून जहाजाने यायची. आणि अधिकारी? तेही लंडनहूनच निवडून यायचे. म्हणजे तिकीट आणि साहेब, दोघांचंही देशी उत्पादन साधारण एकाच वेळी सुरू झालं म्हणा ना. हा योगायोग आहे, फार अर्थ काढू नका, पण कलेक्शनचं पहिलं पान म्हणून मला तरी यापेक्षा भारी काही सुचत नाही.

याशिवाय परीक्षेचा फॉर्म पोस्टात विकत मिळायचा, फी तिकिटाने भरायची, पोच पोस्टकार्डासारख्या कार्डाने यायची, त्याचं पुढे वेगळं सांगतो.

आयोगाची खरी जन्मतारीख कुठली? तीन तीन तारखा वाचल्या.

तिन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत. तिकिटावर किंवा कव्हरवर यातली कुठली तारीख घेतलीय त्यावरून ते कशाची आठवण म्हणून काढलंय ते कळतं, म्हणून माहीत असलेलं बरं.

१ ऑक्टोबर १९२६ ला पब्लिक सर्व्हिस कमिशन आलं. १९१९ च्या कायद्यात तरतूद होती पण प्रत्यक्षात काही होत नव्हतं, मग १९२३ मध्ये सरकारी नोकऱ्यांचा विचार करायला ली कमिशन नेमलं, त्यांनी १९२४ च्या अहवालात सांगितलं की बाबांनो हे लवकर करा, तरी दोन वर्षं गेलीच. पहिले अध्यक्ष सर रॉस बार्कर, आणि त्यांच्यासोबत चार सदस्य. मग १९३५ च्या कायद्याने १ एप्रिल १९३७ ला त्याचं फेडरल पब्लिक सर्व्हिस कमिशन झालं. आणि २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली तेव्हा आजचं नाव मिळालं. घटनेच्या कलम ३७८ नुसार जुन्या आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य तेच नव्या आयोगाचे झाले, म्हणजे पाटी बदलली, माणसं तीच राहिली. शंभरी मोजताना १९२६ धरलंय, २०२६ ला शंभर पूर्ण.

आता तिकीटवाल्यांसाठी: त्याच दिवशी, २६ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताकाची चार तिकिटं निघाली होती. दोन आण्याचं जल्लोष करणाऱ्या लोकांचं, साडेतीन आण्याचं दौत आणि पिसाच्या लेखणीचं, चार आण्याचं नांगर आणि कणसाचं, बारा आण्याचं चरख्याचं. यातलं दौत-लेखणीवालं तिकीट मी आयोगाच्या पानावर लावलंय. ते आयोगावर काढलेलं नाही हे मान्य, पण लेखी परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा नवा जन्म ज्या दिवशी झाला त्याच दिवशीचं ते तिकीट आहे आणि त्यावर लेखणी आहे, मग का सोडायचं.

एखाद्या सरकारी संस्थेवर स्मारक तिकीट निघतं कसं? कुणी ठरवतं?

डाक विभाग ठरवतो. त्यासाठी फिलाटेलिक अॅडव्हायजरी कमिटी नावाची सल्लागार समिती असते, तिच्यापुढे प्रस्ताव जातात आणि ती शिफारस करते. प्रस्ताव कुणीही पाठवू शकतं पण बराच आधी पाठवावा लागतो, पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे आणि आता तिकीट काढा असं होत नाही. माणसांच्या बाबतीत साधारणपणे हयात व्यक्तीवर तिकीट काढत नाहीत, जन्मशताब्दी वगैरे बघतात. संस्थेला मात्र मरण्याची अट नाही. ती राष्ट्रीय महत्त्वाची असावी लागते आणि पन्नास, पंच्याहत्तर, शंभर असा गोल आकडा आला की तिचा नंबर लागायची शक्यता वाढते. १९८५ ला रिझर्व्ह बँकेची पन्नाशी झाली तेव्हा असंच तिकीट निघालं होतं.

डिझाइन झालं, मंजूर झालं, की छपाई नाशिकला किंवा हैदराबादच्या प्रेसमध्ये होते. मग ठरलेल्या दिवशी प्रकाशन, आणि त्याच दिवशीचा खास शिक्का.

संस्थेला चेहरा नसतो, मग तिकिटावर दाखवतात काय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि खरं तर कुणी फारसं विचारत नाही, मीच घुसवलाय.

माणसाचं तिकीट सोपं. फोटो लावा, खाली नाव, साल, झालं. संस्थेचं अवघड. नव्वद टक्के वेळा डिझायनर इमारत उचलतो (टक्का माझ्या मनाचा आहे). आयोगाच्या बाबतीत इमारत आहेही तशीच, दिल्लीत शाहजहान रोडवरचं धोलपूर हाऊस. नावावरून कळतंय तसं ते धोलपूरच्या राजांचं दिल्लीतलं घर, आयोग तिथे १९५२ मध्ये गेला. इंटरव्ह्यू देऊन आलेली प्रत्येक मुलगी-मुलगा गेटबाहेर उभं राहून फोटो काढतो तीच ही इमारत. म्हणजे एखाद्याने तिकिटावर धोलपूर हाऊस छापलं तर लाखो लोकांना खालचं नाव न वाचता कळेल. असं भाग्य फार कमी सरकारी ऑफिसांना मिळतं.

पण मला विचाराल तर इमारत हा आळशी पर्याय आहे. आयोग म्हणजे इमारत नाही, आयोग म्हणजे उत्तरपत्रिका. किंवा परीक्षा केंद्राबाहेर झाडाखाली चप्पल काढून बसलेले आईवडील. ते कुणी छापणार नाही, मला माहितीये.

तिकीट बघताना अजून एक बघा, नाव कसं लिहिलंय ते. आपण मराठीत केंद्रीय लोकसेवा आयोग म्हणतो, हिंदीत संघ लोक सेवा आयोग. तिकिटावर हिंदी आणि इंग्रजी असतं, त्यामुळे "संघ" वाचून दचकू नका, त्याचा अर्थ इथे संघराज्य एवढाच आहे.

पेपरात "टपाल तिकिटाचं प्रकाशन" असं येतं, ते खरंच तिकीट असतं का?

बऱ्याचदा नसतं! इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, त्यामुळे जरा नीट सांगतो.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, खरं स्मारक तिकीट. हे डाक विभाग सगळ्या देशासाठी काढतो, त्यावर भारत असं लिहिलेलं असतं, किंमत असते, आणि देशभरातल्या फिलाटेलिक ब्युरोंमध्ये (पोस्टातले तिकीट जमवणाऱ्यांसाठीचे विभाग) एकाच वेळी येतं. दुसरी, स्पेशल कव्हर. हे म्हणजे छापील चित्राचं पाकीट, त्यावर आधीच चालू असलेलं कुठलं तरी तिकीट लावलेलं आणि त्या कार्यक्रमाचा खास शिक्का मारलेला. हे पोस्टाचं सर्कल, म्हणजे साधारण राज्यपातळीवरचा विभाग, आपल्या पातळीवर काढतं, चीफ पोस्टमास्टर जनरलच्या मंजुरीने. शाळांची, कॉलेजांची, जिल्ह्यातल्या संस्थांची शताब्दी झाली की बहुतेक हेच असतं. तिसरी, माय स्टॅम्प. २०११ पासून सुरू झालेली योजना, यात पोस्टाच्या ठरावीक तिकिटाला जोडून तुमचा फोटो किंवा लोगो छापून देतात, बारा तिकिटांची शीट, तीनशे रुपये असा तिचा रेट कित्येक वर्षं चालला. उद्या तुम्ही तुमच्या मांजराचा काढू शकता. संस्थाही आपल्या लोगोचे काढून घेतात आणि पाहुण्यांना फ्रेम करून देतात.

आता बातमीदार तिघांनाही "टपाल तिकीट" म्हणतो आणि मग लोक मला विचारतात की हे कॅटलॉगमध्ये का सापडत नाही. साधी परीक्षा सांगतो. किंमत आणि देशाचं नाव ज्या चौकोनात आहे त्याच चौकोनात संस्थेचं चित्र आहे का? असेल तर खरं स्मारक तिकीट. चित्र शेजारच्या जोडतुकड्यावर असेल तर माय स्टॅम्प. चित्र फक्त पाकिटावर असेल तर स्पेशल कव्हर. तिन्ही जमवण्यासारखे आहेत, फक्त पैसे देताना काय घेतोय ते माहीत असावं. मी एकदा एका विक्रेत्याकडून "दुर्मिळ तिकीट" म्हणून माय स्टॅम्प भरपूर पैसे देऊन घेतलाय, त्यामुळे हा सल्ला अनुभवाचा आहे.

ते रिक्रूटमेंट फी स्टॅम्प काय प्रकरण होतं?

आता आलात मुद्द्यावर. ऑनलाइन अर्ज यायच्या आधी ज्यांनी फॉर्म भरलेत त्यांना हे लगेच आठवेल, नंतरच्यांना सांगूनही पटत नाही.

तेव्हा यूपीएससीचा फॉर्म ठरावीक हेड पोस्ट ऑफिसांमध्ये विकत मिळायचा. सोबत माहितीपत्रक. फी भरायची ती रोख नाही, डीडी नाही, तर सेंट्रल रिक्रूटमेंट फी स्टॅम्प नावाचं एक तिकीट. ते पोस्टाच्या खिडकीवर विकत घ्यायचं, फॉर्मवर ठरवलेल्या चौकोनात चिकटवायचं, आणि त्याच पोस्टाकडून त्याच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा, असा की शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा फॉर्मवर येईल. शिक्का पुसट आला की पोटात गोळा. खिडकीवरच्या माणसाला परत मारा म्हणायची हिंमत होत नाही आणि पुसट पाठवायचीही होत नाही. सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असायचं की साधी टपाल तिकिटं चालणार नाहीत, तरी दर वर्षी कुणीतरी चिकटवायचंच.

म्हणजे बघा, आयोगाच्या नावाने तिकिटाचा व्यवहार देशभरातल्या पोस्टांमध्ये वर्षानुवर्षं चालू होता आणि तिकीट जमवणाऱ्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. कारण हे टपाल तिकीट नाही, हे महसुली प्रकारातलं. पत्रावर चालत नाही. सुंदरही नाही. पण माझ्या मते आयोगावरचं कुठलंही कलेक्शन या तिकिटाशिवाय अपुरं आहे, कारण स्मारक तिकीट आयोगाच्या सन्मानासाठी असतं आणि हे तिकीट उमेदवाराच्या खिशातून गेलेलं असतं.

वापरलेलं मिळणं अवघड, कारण वापरलेली सगळी फॉर्मसकट दिल्लीला गेली. कोरं मिळतं ते कुणीतरी विकत घेऊन फॉर्म न भरलेल्याचं. त्या प्रत्येकामागे एक किस्सा असणार हे वेगळं सांगायला नको.

जुन्या तिकिटांवर "सर्व्हिस" छापलेलं असतं, ती सिव्हिल सर्व्हिसची ना?

नाही हो. ही सरकारी टपालासाठीची तिकिटं. सरकारी खात्यांनी पत्रं पाठवताना वापरायची, साहेबांनी घरच्या पत्राला लावू नयेत म्हणून त्यावर सर्व्हिस असा शिक्का छापायचे. १८६६ पासून हा प्रकार सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर अशोकस्तंभाचं चित्र असलेली वेगळीच सर्व्हिस तिकिटं निघाली, ती तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत ढिगाने सापडतील आणि त्यांची किंमत चहापुरतीही नाही.

याला एकच जबरदस्त अपवाद. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यातले १०० सेट गव्हर्नर जनरलच्या सरकारी वापरासाठी सर्व्हिस छापून घेतले. भारतीय तिकिटांमध्ये सगळ्यात महाग विकल्या जाणाऱ्यांमध्ये ती येतात आणि त्यांची नक्कलही तेवढीच होते. तुमच्या अल्बममध्ये ते सापडलं असेल तर आनंद होण्याआधी ते खोटं आहे असं धरून चाला.

आयोग किंवा सनदी सेवा हा विषय घेऊन कलेक्शन करायचं तर कुठली तिकिटं घ्यावीत?

मी सुरुवात आयसीएसपासून केली, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसपासून. १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली, भारतात ती १९२२ पासून होऊ लागली, आधी अलाहाबादला. त्याआधी परीक्षा द्यायची तर बोटीने जायचं. १८६३ ला पास होणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर, नोकरी मुंबई इलाख्यात, साताऱ्याला जज्ज होते, म्हणजे आपल्याकडचेच म्हणायचे.

तिकिटांमध्ये मजा अशी आहे की आयसीएसशी संबंधित माणसांवर भरपूर तिकिटं आहेत पण बहुतेकांवर ती आयसीएस सोडल्याबद्दल किंवा आयसीएसने सोडल्याबद्दल आहेत! सुभाषचंद्र बोस १९२० च्या परीक्षेत चौथे आले आणि १९२१ मध्ये राजीनामा दिला, त्यांची तिकिटं १९६४ ची. अरविंद घोष लेखी पास झाले पण घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत, तिकीट १९६४ चंच. रमेशचंद्र दत्त मात्र बरीच वर्षं नोकरी करून इतिहास लिहीत बसले, काँग्रेसचे अध्यक्षही झाले, त्यांचं १९७३ चं तिकीट. मग सरदार पटेल, १९६५ चं. पटेलांचं कारण सांगायला हवं का? २१ एप्रिल १९४७ ला दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये नव्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी भाषण केलं, त्या तारखेला आता नागरी सेवा दिन असतो.

हे चार-पाच तिकिटं तुम्हाला कुठल्याही डीलरकडे किरकोळ पैशात मिळतील. वापरलेली घ्या, आणखी स्वस्त.

त्यानंतर घटना, प्रजासत्ताक, १९६७ चं सार्वत्रिक निवडणुकीचं तिकीट, वर सांगितलेलं रिझर्व्ह बँकेचं, असं वाढवत नेता येतं. रिझर्व्ह बँक का, तर तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, रायगडचे, १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आलेले. असे धागे जोडता आले तर थीमला मजा येते, नाहीतर नुसतं गोळा करणं होतं.

दुसऱ्या देशांनी असं तिकीट काढलंय का?

अमेरिकेने काढलंय, १९८३ मध्ये, २० सेंटचं, सिव्हिल सर्व्हिसची शंभर वर्षं म्हणून. त्याची कथा भारी आहे. तिकडे पूर्वी निवडणूक जिंकली की नोकऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना वाटायच्या असा उघड रिवाज होता. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने गोळ्या घातल्या आणि ते गेले. त्यानंतर १८८३ ला पेंडलटन कायदा आला, परीक्षा घेऊन नोकरी द्या म्हणणारा. त्या कायद्याची शंभरी म्हणजे हे तिकीट. स्वस्त आहे, सहज मिळतं, जरूर घ्या.

शेजारी पाकिस्तानात अजून फेडरल पब्लिक सर्व्हिस कमिशन हेच नाव आहे, म्हणजे आपलं १९३७ चं नाव तिकडे राहिलं.

आणि आपलं एमपीएससी?

त्याचंही मूळ १९३७ मध्येच आहे, तेव्हाचं बॉम्बे-सिंध पब्लिक सर्व्हिस कमिशन. १ मे १९६० ला राज्य झालं आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोग झाला. दोन्ही आयोग घटनेच्या एकाच भागात आहेत, कलम ३१५ ते ३२३. पण एमपीएससी यूपीएससीची शाखा नाही, हे सदाशिव पेठेत राहून आलेल्यांनाही कधी कधी सांगावं लागतं.

तिकीट घेऊ, एफडीसी घेऊ की ब्रोशर?

बजेट कमी असेल तर एक कोरं तिकीट आणि एक ब्रोशर. फर्स्ट डे कव्हर (एफडीसी), म्हणजे नवीन तिकीट लावलेलं खास पाकीट, दिसायला छान असतं, त्यावर पहिल्या दिवसाचा खास शिक्का असतो, पण माझा जीव ब्रोशरवर. त्या घडीच्या कागदात संस्थेची माहिती असते, आणि शेवटी तांत्रिक तक्ता असतो: किती छापली, कुठल्या पद्धतीने, कुठल्या प्रेसमध्ये. पुढे दहा वर्षांनी कुणी "फक्त एवढीच छापली होती" म्हणून भाव सांगायला लागला की तो तक्ता दाखवायचा. अख्खी शीट घेऊ नका. ठेवायला जागा नसते, वाकते, आणि घरचे विचारतात की एकाच तिकिटाची पंचवीस कशाला.

मिळेल कुठे?

मुंबई जीपीओ, पुणे, नागपूर अशा ठिकाणच्या फिलाटेलिक ब्युरोत. स्मारक तिकिटं एकदाच छापतात, संपली की संपली, नेहमीच्या तिकिटांसारखी परत परत छापत नाहीत. दर वेळी धावपळ नको असेल तर फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडा, दोनशे रुपये किमान ठेवायचे, तुम्हाला काय हवं ते सांगून ठेवायचं, नवीन निघेल तसं घरी येतं आणि खात्यातून वळतं होतं. फक्त खात्यात पैसे संपलेत हे लक्षात ठेवायचं काम तुमचं, माझं एकदा सहा महिन्यांचं सगळं हुकलंय.

पुढे किंमत वाढेल का?

नाही. म्हणजे जवळपास नाही. अलीकडची स्मारक तिकिटं लाखांनी छापतात आणि लोक ती जपून ठेवतात, दुर्मिळ कशी होणार? गुंतवणूक म्हणून घेत असाल तर एफडी करा, एफडीसी नको.

पत्राला लावता येतं का? की शोभेचं?

अहो लावाच! छापील किमतीइतकं पूर्ण चालतं. साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये लागतात. खरं तर स्वतःलाच एक पत्र टाका, तिकीट प्रवास करून, शिक्का खाऊन परत आलं की त्याला मिंटपेक्षा, म्हणजे कोऱ्या तिकिटापेक्षा, जास्त कथा असते. शिक्का हलक्या हाताने मारा म्हणून खिडकीवर गोड बोलून सांगायचं, ऐकतात.

पावसाळ्यात तिकिटं चिकटतात, काय करू?

कोकणात आणि मुंबईत हे होणारच. मागचा गोंद ओल धरतो. स्टॉकबुक (तिकिटं ठेवायचं पुस्तक) उभं ठेवा, आडवं एकावर एक नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. हाताने नाही, चिमट्याने उचला. आणि लॅमिनेशन करू नका, प्लीज, दर वर्षी कुणीतरी करतं.

परीक्षेत आयोगावर काय विचारतात? तिकिटाचं येतं का?

तिकिटाचं आलेलं माझ्या तरी वाट्याला नाही, पण आयोगाचं येऊ शकतं, घटनेचा भाग आहे. तिकीट बघता बघता एवढं डोक्यात राहिलं तरी पुष्कळ: सदस्याची मुदत सहा वर्षं किंवा वय ६५, जे आधी येईल ते. खर्च कलम ३२२ नुसार भारताच्या संचित निधीतून, म्हणजे त्यावर संसदेत मतदान होत नाही. वार्षिक अहवाल राष्ट्रपतींना, कलम ३२३. अध्यक्षाला पद सोडल्यावर पुन्हा सरकारी नोकरी नाही. पहिल्या महिला अध्यक्ष रोझ मिलियन बॅथ्यू, १९९२. तीन टप्प्यांची परीक्षा १९७९ पासून, कोठारी समितीच्या शिफारशीवरून. आणि आयोग फक्त आयएएस-आयपीएसची परीक्षा घेतो असं नाही, एनडीए, सीडीएस, इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, कितीतरी आहेत. पण तिकिटांच्या नादात मेन्सचं रिव्हिजन राहिलं तर मला बोल लावू नका.

घरात आयोगाकडून आलेलं जुनं पाकीट किंवा कार्ड सापडलं. तिकीट भिजवून काढू का?

नका. अजिबात नका. अख्खं ठेवा, पत्त्यासकट, शिक्क्यासकट. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला पिनकोड बघा, ११००६९, तो आयोगाचाच. (पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, डाक खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. पाकीट पिनकोडशिवाय असेल तर जुनं आहे एवढं तरी कळतं.)

सगळ्यात भारी म्हणजे पोचकार्ड. फॉर्मसोबत एक कार्ड असायचं, त्यावर आपणच आपला पत्ता लिहायचा, आपणच टपाल तिकीट लावायचं, आणि आयोग ते पोच म्हणून परत पाठवायचा. म्हणजे आपण घरी चिकटवलेलं तिकीट दिल्लीला जाऊन, तिथला शिक्का घेऊन, आपल्याच दारात परत. माझं पहिलं कार्ड आलं तेव्हा मी ते वाटीत पाण्यात टाकून तिकीट सोडवलं, वर्तमानपत्रावर वाळवलं आणि अल्बममध्ये लावलं, कार्ड फेकून दिलं. ते तिकीट अजून आहे. शिक्क्याचा एक कोपरा त्यावर आलाय, "नई" एवढंच वाचता येतं.